बॅकस्पेस दाबलं की भाईर! जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डचा माझा अनुभव

आमची वखार निपाणीत, व्यवहार बिडी तंबाखूचा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिलं नव्या सॉफ्टवेअरवर गेली, पण शेतकऱ्यांची उचल आणि पट्टी अजून एससीओ युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवरच चालते. मालकांचं म्हणणं, चालतंय ते कशाला मोडायचं. तसं ते मशीन नव्या पीसीपेक्षा कमीच रुसतं. रिपोर्टच्या डोक्यावर बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी नाव अजून जुनंच छापून येतं. सरकारनं ते २०१४ साली बदललं, प्रोग्रॅमला कुणी कळवलं नाही.

या मशीनला सिरियल केबलनं दोन वाईज कंपनीचे टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) जोडलेले होते. त्यातला पेढीवरचा गेला. त्याच्या जागी पीसी आला, यूएसबीवरून सिरियलचा कन्व्हर्टर लावला आणि पुटी हे टर्मिनलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकलं. ९६०० बॉडच्या वेगावर लॉगिन एका झटक्यात आलं. माझं काम झालं असं समजून मी चहा मागवला.

दिवाणजी बसले. खातं नंबर टाकताना एक आकडा चुकला, त्यांनी बॅकस्पेस दाबलं आणि स्क्रीनवर परत लॉगिन! पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा मेनू, आणि चुकीचा आकडा खोडला की पुन्हा बाहेर. समोर शेतकरी पट्टीसाठी उभा. दिवाणजी म्हणाले, "बाळ, ह्यात घात हाय बघ. ह्ये बटन दाबलं की भाईर!"

आमचा वार्षिक देखभालीचा करार आहे, म्हणून सपोर्टला फोन केला. कंपनीचं नाव घेत नाही. पलीकडून उत्तर आलं, "कीबोर्ड चेंज माड्री, सर." म्हणजे बदला. बदलला. तेच. परत फोन केला तर तक्रार बंद झालेली, शेरा 'कीबोर्ड सदोष'. नवी तक्रार नोंदवायला नवा नंबर, नव्या माणसाला पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी तेच माड्री. मी म्हटलं, अहो, हाच कीबोर्ड नोटपॅडमध्ये नीट चालतो की! त्यावर, "मग केबल बघा." केबल बिघडली असती तर सगळीच अक्षरं गडबडली असती, एकट्या बॅकस्पेसशी केबलचं काय वैर? पण त्यांच्यासमोरच्या कागदावर कीबोर्ड आणि केबल एवढंच लिहिलेलं असावं. मध्ये कधीतरी सर्व्हर फॉरमॅट करायचा सल्लाही मिळाला. वीस-बावीस वर्षांची उचल त्यात आहे म्हटल्यावर माणूस गप्प झाला.

शेवटी फोन ठेवला आणि मशीनलाच विचारायचं ठरवलं. मेनूतून बाहेर प्रॉम्प्टवर जाऊन 'एसटीटीवाय मायनस ए' ही टर्मिनलची सेटिंग दाखवणारी कमांड दिली. उत्तरात दोन गोष्टी दिसल्या: खोडायचं बटन कंट्रोल-एच, आणि चालू काम तोडायचं बटन डीईएल, म्हणजे डिलीट. मग 'कॅट मायनस व्ही' ही बटन काय पाठवतं ते दाखवणारी कमांड चालू करून एकेक बटन दाबत गेलो. बाणाचं बटन दाबलं की टोपी (^), कंस, कंस आणि ए उमटायचं. बॅकस्पेस दाबलं तर काहीच उमटलं नाही, थेट प्रॉम्प्ट परत आला. म्हणजे कॅट तिथल्या तिथे मेला. तिथे माझी ट्यूब पेटली.

आस्कीत (अक्षरांच्या आकडी कोडच्या तक्त्यात) मागे सरकायचा कोड ८ आहे, म्हणजेच कंट्रोल-एच. डीईएलचा कोड १२७, सातही बिट एक. कागदी पट्टीच्या काळात चुकीच्या अक्षरावर सातही भोकं पाडून ते पुसायचे, तिथून तो आला. पुढे १९८३ च्या व्हीटी२२० टर्मिनलनं मागे खोडायच्या बटनाला १२७ दिला, आणि पुटीही न सांगता तोच पाठवतं. पण सिस्टिम फाइव्ह घराण्यातल्या युनिक्सच्या (आमचं एससीओ त्यातलंच) लेखी १२७ म्हणजे 'चालू आहे ते बंद कर'. आमचा मेनू ही साधी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल. दिवाणजी आकडा खोडत होते आणि मशीन ऐकत होतं 'मेनू मार'. मेनू मेला की लॉगिन. कीबोर्ड बिचारा सरळ होता.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. पुटीत टर्मिनल, त्याखाली कीबोर्ड, तिथे बॅकस्पेससाठी कंट्रोल-एच निवडा. मग सेशनच्या पानावर परत जाऊन सेव्ह दाबा, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तमाशा.

सर्व्हरवरच बदल का केला नाही, असं मालकांच्या भाच्यानं विचारलं. कारण गोदामातला दुसरा वाईज अजून जिवंत आहे आणि तो बॅकस्पेसला ८ पाठवतो. शिवाय लांबलेला रिपोर्ट थांबवायला दिवाणजी इतकी वर्षं डिलीट दाबतात. त्यांची सवय मोडण्यापेक्षा माझं सेटिंग बदललेलं बरं. पुटीत त्याच पानावर फंक्शन कीसाठी 'एससीओ' पर्याय आहे. तो निवडला की डिलीट १२७ पाठवतं आणि एफ१, एफ२ सुद्धा मशीनला कळतात.

बाणाची बटनं एंट्रीत कचरा टाकत असतील तर टर्मचं नाव बघा, म्हणजे मशीन समोरचा टर्मिनल कुठल्या प्रकारचा समजतं ते. आमच्या त्या पोर्टपुढे ईटीसी फोल्डरमधल्या टीटीवायटाइप फाइलमध्ये अजून वाईजचंच नाव होतं. तिथे 'अन्सी' केलं, मिटलं.

नंबरपॅडवर आकड्यांऐवजी भलतंच येत असेल तर पुटीच्या फीचर्समध्ये ॲप्लिकेशन कीपॅड मोड बंद करा. हिशेबाच्या माणसाला हे आधीच करून द्या, म्हणजे बोलणी खावी लागणार नाहीत.

स्क्रीन अचानक गोठली तर मशीन बंद करू नका. कुणीतरी कंट्रोल-एस दाबलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. आणि एंटरला टोपी-एम उमटायला लागलं तर कंट्रोल-जे, 'एसटीटीवाय सेन', पुन्हा कंट्रोल-जे. टाइप केलेलं दिसलं नाही तरी लिहीत राहा.

अजून एक राहिलंच. कॅप्स लॉक चालू ठेवून लॉगिन नाव दिलं, तर जुन्या युनिक्सला वाटतं हा टर्मिनल फक्त कॅपिटलवाला आहे, आणि मग सगळं कॅपिटलमध्येच दाखवतं. पासवर्डमध्ये मोठी अक्षरं असतील तर तो बरोबर टाकूनही चूक ठरतो. कॅप्स काढा, कंट्रोल-डी देऊन नवा लॉगिन घ्या.

महिनाअखेरीस सपोर्टचं बिल आलं: भेट शुल्क, कीबोर्ड तपासणी शुल्क. भेटीला तर कुणी आलंच नव्हतं. मालकांनी त्यावर लाल पेननं रेघ मारली आणि कराराची फाइल माझ्या टेबलावर ठेवली. नूतनीकरण मार्चमध्ये आहे, आणि या वेळी अटी मी लिहिणार आहे. त्यातली पहिली अशी की तक्रार बंद करायच्या आधी आमच्या माणसाची सही पाहिजे.