पतंग बावीस, त्यात गुलाबीचा एकही नाही

ऑगस्टचा दुसरा आठवडा. अमळनेर तालुक्यात तापीकाठी मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी पात्या-फुलांनी भरलेली. पाहणीला पोचलो तेव्हा शेतकरीदादांनी फवारणीची तयारी करून ठेवली होती. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाची नक्कल करून नर पतंग पकडणारे), त्यातल्या दोन सापळ्यांत रात्रीला वीसेक पतंग, तेही सलग तीन दिवस. त्या सकाळी २२ आणि १९. "आठना वर गयं भाऊ, आते काय करानं?"

त्यांना नुकसानीची पातळी पक्की ठाऊक होती: सापळ्यामागे रोज ८ पतंग, सलग ३ रात्री. मोजणीही बरोबर होती. पिशवीची गाठ सोडून पतंग कागदावर ओतले, तर सगळे जाडजूड, पिवळसर तपकिरी, पुढच्या पंखावर काळसर ठिपका. ही अमेरिकन बोंडअळी, बहुधा शेजारच्या तूर-मक्यावरची. गुलाबीचा पतंग बोटाच्या नखाएवढा, राखी-तपकिरी, मागच्या पंखाला झालर. तसा एकही नव्हता. उरलेल्या तीन सापळ्यांत मात्र गुलाबीचेच: २, ४, ३.

टाकलेली पाकिटं शोधली. दोन हेलील्युरची, म्हणजे अमेरिकन बोंडअळीच्या गंधाची निघाली, गुलाबीच्या पेक्टिनोल्युरमध्ये मिसळून आलेली. पाकीट फाडलं की गंध भरलेली रबरी बुचं (ल्यूर) सारखीच दिसतात.

पतंगाला मात्र फरक कळतो. गुलाबीच्या ल्यूरमध्ये एकाच रेणूची दोन रूपं १:१ असतात. अमेरिकन बोंडअळीच्या गंधात दोन अल्डिहाइड (एका प्रकारची रसायनं), साधारण ९७:३. तिच्याच कुळातली, तंबाखू-मिरचीवरची हेलिकोव्हर्पा असल्टा हेच दोन अल्डिहाइड वापरते, पण प्रमाण जवळपास उलटं. म्हणजे नर नुसता घटक हुंगत नाही, मिश्रण तोलतो. प्रमाण बिघडलेल्या मादीकडे नर कमी येतात, तिची वीण घटते आणि तो बिघाड तिथेच विरतो. भलत्याच प्रमाणामागे उडणाऱ्या नरालाही मादी मिळत नाही. या दुहेरी निवडीमुळे गंध जागेवर राहतो.

कायमचा नव्हे, आणि आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हेच. कोबीवरच्या ट्रायकोप्लुसिया उंटअळीत एका जनुकातल्या बदलाने गंधाचं प्रमाण बदललेल्या माद्या प्रयोगशाळेत सापडल्या. सुरुवातीला नर त्यांच्याकडे फारसे फिरकत नव्हते. त्याच माद्यांसोबत पिढ्यानपिढ्या वाढवल्यावर नर नव्या गंधालाही येऊ लागले. आधी मादी बदलली, मागून नर. शेतात सगळीकडे एकच कृत्रिम गंध वर्षानुवर्षं लावला, तर त्याला न फसणाऱ्या नरांचीच वीण वाढू शकते. म्हणून नुसत्या सापळ्यावर फवारणी ठरवू नये, बोंडं फोडावीतच.

त्या दिवशीही वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडली. एकात अळी, म्हणजे ५ टक्के. १० टक्क्यांच्या आत असल्याने रासायनिक फवारणी थांबवली.

मग दुरुस्ती. जुनी बुचं बांधावर न टाकता डब्यात बंद करून शेताबाहेर नेली, नाहीतर नर तिकडेच घुटमळतात. सापळ्याच्या टोपणाला आधीचा गंध चिकटून राहतो म्हणून टोपणंही बदलली. नवी बुचं स्वच्छ चिमट्याने बसवली. औषधाचा किंवा तंबाखूचा हात लागू दिला नाही. सापळा शेंड्यापेक्षा फूटभर वर, पाकिटावर लावल्याची तारीख. गुलाबीची मादी उत्तररात्री गंध सोडते, त्यामुळे मोजणी सकाळी लवकर.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच दोन सापळ्यांत ३ आणि ५ पतंग होते. सगळे गुलाबीचे.