विश्रामबागेतलं आमचं ऑफिस

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमचा हळद-बेदाण्याचा धंदा सांगलीतल्या विश्रामबागेत घराच्या पुढच्या खोलीतून चालतो. पॅकिंग इथंच होतं, पण हिशोब बघणारी मावसबहीण पुण्यात आणि बेदाणा पारखून घेणारे दादा तासगावात.

आधी सगळं एका चॅट ग्रुपवर चालायचं. दिवाळीच्या तोंडावर दादांनी ‘पन्नास पेट्या, शुक्रवारी’ असं लिहिलं, त्यावर शुभेच्छांचे फोटो पडले आणि ती ऑर्डर कुणालाच दिसली नाही. त्या ग्राहकाला फोन करताना माझा हात थरथरत होता.

आता ऑर्डर फक्त गूगल शीट्समध्ये. एका ओळीत एक ऑर्डर: नाव, वजन, कुणाकडं आहे, कधी निघाली. दादांनी तासगावात आकडा भरला की इथं लगेच उमटतो. चुकून काही खोडलं गेलं तर व्हर्जन हिस्टरीतून कालची शीट परत आणता येते. माझ्या मते सगळ्यात मोलाची सोय हीच.

कामं ट्रेलो या कामांच्या यादीच्या अ‍ॅपवर, ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ अशा तीन रकान्यांत. पॅकिंगच्या काकू पिवळ्या बोटांनी स्वतः कार्ड सरकवतात. सोमवारी गूगल मीटवर व्हिडिओ कॉल. फुकटच्या खात्यावर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटांची मर्यादा असते, आम्हाला वीस पुरतात.

तासगावात लाइट गेली की दादा फोनवर आकडा सांगतात. मी तो आधी शीटमध्ये टाकते, मगच पुढचं बोलते.