बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात

घरात बंदूक आहे आणि मुलंही आहेत, तर "ती कुठे ठेवलीय हे आमच्या मुलांना माहीतच नाही" या भरवशावर राहू नका. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं गेलं. मुलांना जागा ठाऊक नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांचं म्हणणं त्यांच्याच मुलांच्या उत्तरांनी खोटं ठरलं. कपाटावर किंवा गादीखाली बंदूक फक्त लपते, सुरक्षित होत नाही.

कुलूप लावण्याआधी ती रिकामी करायची, आणि सगळ्यात घातक चूक इथेच होते. पिस्तुलाची नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. आधी मॅगझिन (गोळ्या भरलेला, काढता येणारा डबा) काढायचं, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची. क्रम उलटला, तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातली, गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत सारते. त्यानंतर मॅगझिन काढलं, तरी रिकामं समजून ठेवलेल्या पिस्तुलात एक गोळी राहतेच. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा, दर वेळी.

केबलचं कुलूप लावताना स्लाइड तशीच मागे ठेवा. केबल वरच्या खाचेतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढा, म्हणजे ना स्लाइड बंद होते, ना मॅगझिन बसतं. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या बंदुकीवर कधीही लावू नका, बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो. केबल लहान मुलाला थोपवते, पण अवजारं हाताळू शकणारा पंधरा वर्षांचा मुलगा ती कापू शकतो. त्याच्यापासून जपायचं तर पोलादी पेटीच हवी, आतून बोल्टने भिंतीला आवळलेली. काचेचं कपाट नको. पेटीचा कारखान्यातला कोड पहिल्याच दिवशी बदला, जन्मतारीख ठेवू नका, आणि बोटाच्या ठशाच्या पेटीसोबत येणारी जादा किल्ली टेबलाच्या खणात टाकू नका. काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या किल्लीने.

मुलांना शिकवलंय, मग कुलूप कशाला, असं पुष्कळांना वाटतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना खऱ्या पण निकामी केलेल्या पिस्तुलाच्या खोलीत सोडलं होतं. ज्यांनी ते हाताळलं त्यांतल्या बहुतेकांना बंदुकीबद्दल आधी सूचना मिळालेल्या होत्या. "दिसली तर हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग" हे जरूर शिकवा, पण खरं प्रशिक्षण मोठ्यांनाच हवं. रिकामी करण्याचा क्रम घरातल्या प्रत्येक वापरणाऱ्याच्या हातात बसला पाहिजे.

किशोरवयीन मुलांबाबत आम्हाला अपघाताइतकीच, किंबहुना जास्त, काळजी आत्महत्येची वाटते. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जिवावर बेततात. टोकाची ती अवस्था मात्र अनेकदा थोड्या वेळात ओसरते, आणि कुलूप तेवढा वेळ मिळवून देतं. मूल खचलंय, एकटं पडलंय, जगणं नको म्हणतंय, असं दिसलं तर बंदूक काही काळ घराबाहेरच हलवा, तुमच्या कायद्याला धरून. ते जमेपर्यंत सगळे कोड बदला आणि किल्ल्या अंगावरच बाळगा. मुलाशी थेट बोला आणि डॉक्टरांची मदत त्याच दिवशी घ्या.

मूल दुसऱ्यांच्या घरी खेळायला जाणार असेल, तर पाठवण्याआधी तिथल्या मोठ्यांनाही विचारा: घरात बंदूक आहे का, रिकामी आहे का, कुलपात आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते?