तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या विंडो उघड्या का?

ऑफिसात येणारा प्रत्येक जण माझ्या स्क्रीनकडे बघून एकदा तरी विचारतो, "मॅडम, एवढ्या विंडो उघड्या ठेवून गोंधळ होत नाही?" आजवर "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

जीएसटीचं काम एका विंडोत होतच नाही. पोर्टल, टू-बीची फाईल (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी), टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं खरेदी रजिस्टर, पार्टीनं, म्हणजे ज्यांचं रिटर्न मी भरते त्या ग्राहकानं, व्हॉट्सॲपवर टाकलेले बिलांचे फोटो. एक बिल जुळवायला कधी कधी चारही लागतात. बंद केलेली फाईल परत उघडते हो, पण कुठल्या बिलापाशी अडले होते आणि का, ते परत उघडत नाही. "लागेल तेवढंच उघडा" म्हणणाऱ्यानं माझ्या खुर्चीत बसून एकदा दोनशे बिलं जुळवावीत.

आणि गोंधळ? झालाय.

2019 मधली एका महिन्याची 20 तारीख, थ्री-बीचा, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नचा, शेवटचा दिवस. एका पार्टीचं रिटर्न भरत होते. पोर्टल आणि तिची एक्सेल, ऑल्ट-टॅब या विंडो बदलायच्या कळांनी इकडून तिकडे. मधेच दुसऱ्या पार्टीचा फोन आला, "ताई, माझा टॅक्स किती बसतोय?" त्यांची फाईल उघडली, आकडा सांगितला, फोन ठेवला. माउसनं पोर्टलवर आले आणि सवयीनं ऑल्ट-टॅब दाबलं.

ऑल्ट-टॅब तुमच्या मनातल्या विंडोवर जात नाही. त्याआधी जी बघितली असेल तिच्यावर जातं. माझी आधीची विंडो आता दुसऱ्या पार्टीची होती. दोन्ही शीट मीच एका साच्यातून केलेल्या, तोच हिरवा मथळा, आयटीसीची (खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटची) बेरीज दोन्हीकडे एच-42 या चौकटीत. त्या एकसारखेपणाचा मला अभिमान होता. कॉपी, ऑल्ट-टॅब, पेस्ट, फाईल.

रात्री साडेदहाला कर भरल्याचं चलन जुळवताना कळलं. 41,860 रुपयांचं क्रेडिट जास्त. थ्री-बी एकदा फाईल झाली की दुरुस्त होत नाही, पुढच्या महिन्यात निस्तरायचं. जास्तीचं उलटवलं, व्याज माझ्या खिशातून भरलं. पार्टीला फोन करून सांगितलं. ते "असू दे ताई" म्हणाले, पण त्यानंतर वर्षभर फाईल करण्याआधी सगळे आकडे मागवून घेत राहिले. ते मला व्याजापेक्षा जास्त लागलं.

मग त्यानंतर तरी बंद का करत नाही? महिनाभर करून पाहिलं. काम दीडपट लांबलं आणि घाईत बिलं सुटायला लागली. विंडोज 10 मध्ये 2015 पासून वेगवेगळे डेस्कटॉप करता येतात, कंट्रोल-विंडोज-डी. आता एका पार्टीला एक डेस्कटॉप. त्यात ऑल्ट-टॅब तेवढ्याच डेस्कटॉपवरच्या विंडो दाखवतं. प्रत्येक पार्टीच्या मथळ्याचा रंगही वेगळा केलाय. हे चार वर्षं आधीच हाताशी होतं, मी शिकले नव्हते. हा दोष माझाच.

तरी 20 तारखेला फोन वाजतो आणि दुसऱ्या पार्टीची फाईल पहिलीच्या डेस्कटॉपवर उघडली जातेच. तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, "दहा मिनिटांनी सांगते" म्हण आणि फोन ठेव. ती विचारेल, 20 तारखेला दहा मिनिटं कोण थांबतं? तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.