ड्रुइडचा सोबती: लांडगा की कुत्रा?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फाशांच्या कथाखेळात ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, आणि त्याला एक प्राणी सोबतीला मिळतो. पुण्यात नवा ड्रुइड खेळायला टेबलावर आला की पहिलं बोट लांडग्यावरच पडतं. लांडग्यांचे सासवडचे माळ जवळ, म्हणूनही असेल. पण डी अँड डीची ३.५ आवृत्ती खेळत असाल तर रायडिंग डॉग (स्वारीचा कुत्रा) आधी बघा. हिट पॉइंट (किती मार सोसेल) दोघांचे १३च. आर्मर क्लास (वार लागणं किती कठीण) मात्र कुत्र्याचा १६, लांडग्याचा १४. चाव्याची इजा मोजताना कुत्रा सहा बाजूंच्या फाशावर ३ मिळवतो, लांडगा १. लांडगा पुढे जातो तो वेगात, ५० फूट विरुद्ध ४०. चावून खाली पाडणं? युद्धासाठी तयार केलेला कुत्रा तेही करतो. हाफलिंग (बुटक्या जमातीचं पात्र) असाल तर वर स्वारीही.

खरी फजिती ट्रिक्समध्ये, म्हणजे प्राण्याला शिकवायच्या हुकमांत. नुसतं 'अटॅक' शिकवलेला प्राणी माणसांवर, जायंटांवर, इतर जनावरांवर धावतो. समोर झाँबी आला की ढिम्म. सगळ्यांवर सोडायचा तर दोन ट्रिक्स खर्ची पडतात. प्राण्याची बुद्धी २ असेल तर एकूण सहा ट्रिक्स, सापाला बुद्धी १ म्हणजे तीनच. वर ड्रुइडच्या पहिल्या लेव्हलची (पायरीची) बोनस एक.

चौथ्या लेव्हलला बिबट्या मिळतो (जुन्नरकरांनो, हसू नका), पण त्याचे बोनस ठरवताना तुमची लेव्हल तीनने कमी धरतात. शिवाय जुना सोबती सोडून नवा बोलवायला २४ तास अखंड प्रार्थना लागते. गुहेच्या तोंडाशी हे सुचून उपयोग नाही.