वला शे तवयच

मे महिन्यातली जळगावची दुपार, आणि माझा धागा चिमट्यात धरला की तुटत होता. सकाळपासूनची नववी खेप.

काचेच्या बारीक नळीतून अल्जिनेटचं द्रावण संथ सोडायचं आणि त्याच्याभोवती कॅल्शियम क्लोराइडची धार ठेवायची, एवढंच आमच्या प्रयोगशाळेतलं काम. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. इतक्या अरुंद वाटेत धारा एकमेकींत मिसळत नाहीत, शेजारून वाहतात. कॅल्शियम कडेने आत झिरपतं, अल्जिनेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं आणि पलीकडून मऊ, ओला धागा निघतो. त्यात बहुतेक पाणीच असतं. त्याला बळ आणायचं म्हणूनच मी दोन वर्षं इथे आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धागा मध्येच फुगलेला, मध्येच बारीक झालेला. द्रावणाच्या थेंबात पारदर्शक गाठी तरंगत होत्या. मग लख्ख आठवलं. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून आदल्या संध्याकाळी मी बोअरचं पाणी घेतलं होतं. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरणारं जड पाणी! त्यातल्या कॅल्शियमने नळीत शिरण्याआधीच साखळ्या जागोजागी बांधून टाकल्या होत्या. फार वाईट वाटलं, आठवडाभराचं अल्जिनेट वाया गेलं.

शुद्ध पाण्यात नवं द्रावण ढवळायला ठेवलं. संध्याकाळी पंप सुरू केला. धागा एकसारखा आला, पण दोन यू-पिना लटकवल्या की तुटायचा.

आमचे शिपाई आबा कुलूप घेऊन उभे होते. त्यांच्या घरी अंबाडीचे दोर वळायचे. धागा न्याहाळून म्हणाले, "ताई, वला शे तवयच ताणना पडस." म्हणजे, ओला आहे तेव्हाच ताणावा लागतो.

मी थबकले. मी धागा कॅल्शियमने पुरता घट्ट झाल्यावर ताणत होते, तेव्हा साखळ्यांना सरकायला जागाच उरत नसे. आता बाहेरच्या धारेतलं कॅल्शियम कमी केलं, धागा अर्धवट बांधला आणि रीळ जरा वेगाने फिरवलं. साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ झाल्या असतील, असं धरून ताण न सोडता धागा दाट कॅल्शियममध्ये बुडवला.

पाच पिना लटकल्या. सहावी आबांनी स्वतः अडकवली, तीही टिकली.

धागा दीडपट ताणला तर टिकतो, दुप्पट ताणला की रिळावरच तुटतो. मधलं माप उद्या शोधायचंय, आणि त्याआधी डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन भरून ठेवायचेत.