शेपू, बटाटे आणि गोड मासा: लेकसांदचा मिडसमर

स्वीडनला यायचंच तर मिडसमरला ये, असं म्हणत कॉलेजची मैत्रीण कधीची मागे लागली होती. तिचं सासर दालार्ना प्रांतात, सिल्यान तलावाकाठच्या लेकसांदजवळच्या एका खेड्यात, स्टॉकहोमहून ट्रेनने तीनेक तास. सासूसासऱ्यांना ती चक्क नावाने हाक मारते, आणि तिथे कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मला मात्र शेवटपर्यंत तोंडातून नाव निघेना, मी आपलं हसून वेळ मारून नेली.

मिडसमर म्हणजे ऐन उन्हाळ्यातला, इकडचा ख्रिसमसच्या तोडीचा सण. आधी २३ जून ही तारीख ठरलेली असायची, पण १९५३ पासून १९ ते २५ जूनमधे जो शुक्रवार येईल तो धरतात, म्हणजे लाँग वीकेंडची आयती सोय. स्ट्राँग दारू विकत घ्यायची तर बहुतेक सरकारी दुकानच आणि ते त्या दिवशी बंद, त्यामुळे आदल्या दिवशी तिथे ही लांबलचक रांग, सगळे शिस्तीत, कुणी मधे घुसत नाही.

बटाट्यांचं खातं सासऱ्यांकडे. नवे बटाटे, सुपारीपेक्षा थोडे मोठे, साल इतकी पातळ की अंगठ्याने चोळली तरी निघते. सोलायचे नाहीत, ब्रशने नुसते घासायचे. मग मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात बटाटे आणि वरून शेपूची अख्खी जुडी! हो, आपला शेपू, ज्याच्या वासाने आमच्या घरातली निम्मी माणसं जेवणावरून उठतात तोच. पाणी काढून टाकलं की पातेल्यावर स्वच्छ फडकं टाकून ठेवतात, वाफ फडक्यात जाते आणि बटाटा पाणचट होत नाही. हे सगळं ते इतकं मन लावून करत होते की मधे बोलायची कुणाची टाप नाही.

आता हेरिंग. मी मालवणची, मासा म्हणजे कोकम, तिरफळ, तिखट. आणि इथे टेबलावर तीनचार बाऊलमधे थंडगार न शिजवलेला मासा, खारवून मग मुरवलेला, एक कांद्यातला, एक मोहरीच्या पिवळ्या सॉसमधला. मुरवायच्या पाण्याचं माप सासूबाईंनी बोटांवर मोजून दाखवलं, एक भाग कडक व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. दोन भाग साखर, माशात! माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर ताटच बाजूला सारलं असतं. पण खरं सांगू का, नुसता खाल्ला तर नाहीच जमला, गरम बटाटा, त्यावर आंबट क्रीम, चिरलेली पात आणि मग हा गोडआंबट मासा असा एकत्र घास घेतला तेव्हा गाडी रुळावर आली आणि मी दोनदा वाढून घेतलं. कांद्यातला बेस्ट. मोहरीवाला लोक डोक्यावर घेतात पण मला ओव्हररेटेड वाटला.

मधेमधे स्नॅप्स, म्हणजे मसाल्याच्या वासाची कडक दारू. छोटे ग्लास, आणि गाणं झाल्याशिवाय प्यायचं नाही. ग्लास उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, "स्कोल" (म्हणजे चिअर्स) म्हणायचं, प्यायचं, परत डोळ्यात बघायचं. बडीशेप, शहाजिरं असले वास, एका घोटात कान गरम.

दुपारी गावच्या माळावर खांब उभा केला, बर्चचा पाला आणि फुलं गुंडाळलेला. तो हाताने नाही, लांब काठ्यांच्या जोड्यांनी कात्रीसारखा रेटत रेटत वर नेतात, कुणीतरी ओरडून ताल देतो. मग खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाच, बेडकाला कान नाही शेपूट नाही असं ॲक्शनसकट गात, आणि यात सत्तरीचे आजोबाही, कुणालाही लाज नाही. एकदा पाऊस येऊन गेला. लोक म्हणाले मिडसमरला येतोच, आणि रेनकोट घालून नाचत राहिले.

रात्री साडेदहाला सूर्य मावळतो तरी अंधार असा होतच नाही. स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा केक खाता खाता सासऱ्यांनी विचारलं, तुम्ही शेपूचं काय करता? सांगितलं, लसूण, मिरची, मुगाची डाळ. त्यांना ते पटेना, शेपू आणि डाळ? दुसऱ्या दिवशी उरलेल्या जुडीची भाजी मीच टाकली, मूगडाळ नव्हती म्हणून कपाटातली मसूर. त्यांनी ती कुरकुरीत राय ब्रेडवर घातली, वर चीज किसलं, खाल्लं, आणि म्हणाले मीठ कमी आहे.